वाचक विचारतात : पेशीतला बांध आणि आईचं विसरणं

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही अलिबाग तालुक्यात खारेपाटात राहतो. आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिचं विसरणं वाढलंय. एकच गोष्ट चार-चारदा विचारते, गेल्या महिन्यात गॅसवरचं दूध करपून भांडं काळं झालं तरी तिला पत्ता नव्हता. परवा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कोण गो तू?’ न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितलाय, गोळी सुरू आहे. मुंबईच्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हणतात, अल्झायमरचं खरं कारण सापडलं, पेशीत शक्ती तयार करणारं एक प्रथिन बिघडतं, आणि त्यावरच्या कॅप्सूलचा सहा महिन्यांचा कोर्स १८ हजारांना मिळतो. भाऊ म्हणतो, पैसे मी पाठवतो, तू सुरू कर. हे प्रथिनाचं खरं आहे का? हा दोष आईकडूनच मुलांत येतो, असंही त्यात सांगितलंय. मी ४६ वर्षांची आहे, मलाही हल्ली ओळखीच्या माणसांची नावं पटकन आठवत नाहीत.

उत्तर : ‘कोण गो तू?’ हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे तुमचं पत्र एका बैठकीत वाचून होईना. तुम्ही त्या वेळी काय उत्तर दिलंत ते लिहिलेलं नाही. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते, नुसती तिच्या शेजारी जाऊन बसले होते.

आधी थेट सांगते. प्रथिनाची गोष्ट खरी आहे. त्यावर कॅप्सूल निघालीय ही गोष्ट खरी नाही. भावाला एवढं आजच कळवा. आता सविस्तर लिहिते, कारण हे प्रथिन समजून घेण्यासारखं आहे आणि खारेपाटातल्या माणसाला ते कुणाहीपेक्षा लवकर समजेल.

आपली शेती समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली. बाहेर खाडी, आत भात, मध्ये मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला बांधावर उभं राहिलं की एका बाजूचं पाणी आणि दुसऱ्या बाजूचं शेत यांच्या उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. त्या फरकात केवढा जोर असतो हे बांध राखणाऱ्यालाच माहीत. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्या आतल्या पडद्याला नेमकं हेच काम असतं. पडद्याच्या बाहेर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभारित कण, दाटीने जमवले जातात. समुद्राला भरती चंद्रामुळे येते, इथली भरती आपल्या जेवणाने आणि श्वासाने येते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर हे कण बाहेर ढकलले जातात. मग ते आत परतायला धडपडतात.

परतायला मुख्य वाट एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. आपल्या उघाडीचं काम वेगळं असतं, ती ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपसूक मिटते. पण क्षणभर अशी उघाडी डोळ्यांसमोर आणा की जिच्यात एक चक्र बसवलंय आणि भरतीचं पाणी त्या चक्रातूनच आत येऊ शकतं. प्रोटॉन आत येतात, चक्र फिरतं, आणि त्या फिरण्यावर एटीपी तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीचा रोखीचा पैसा. माणसाच्या पेशीतल्या या चक्राला ८ पाती आहेत. म्हणजे ८ प्रोटॉन आत आले की एक फेरी पुरी होते आणि एका फेरीत एटीपीचे ३ रेणू पडतात. सेकंदाला शंभराच्या आसपास फेऱ्या होतात. दिवसभरात आपण जवळपास आपल्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि लगेच खर्चून टाकतो, साठा असा फारसा राहतच नाही. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. म्हणून चक्र मंदावलं की चटका मेंदूला आधी बसतो.

आता व्हिडिओतल्या प्रथिनाकडे येऊ. एटीपी सिंथेज हे एकसंध नसतं, पुष्कळ तुकडे जोडून ते उभं राहतं. जात्याचा वरचा दगड फिरतो आणि खालचा जागचा हलत नाही, म्हणून दळण होतं. दोन्ही दगड एकत्र फिरू लागले तर पिठाचा कण पडायचा नाही. या यंत्रातही जिथे एटीपी घडतो ते डोकं स्थिर राहावं लागतं. त्याला माथ्यावरून घट्ट धरून ठेवणारा एक छोटा तुकडा आहे, त्याचं नाव ओएससीपी. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत आणि तसाच आजार घडवलेल्या उंदरांत हा धरून ठेवणारा तुकडा कमी झालेला असतो. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं जे प्रथिन साचतं, ते ओएससीपीला जाऊन चिकटतं, हेही त्यांना दिसलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींना ओएससीपी पुन्हा पुरवलं तेव्हा मायटोकॉन्ड्रियांचं काम सुधारलं आणि पेशींमधले जोड कमी बिघडले.

ओएससीपी गेल्यावर नुसती शक्ती कमी होते, एवढ्यावर भागत नाही. माझ्या लहानपणी, मी अकरा वर्षांची असताना, श्रावणातल्या उधाणाला आमच्या बांधाला रात्री खांड पडली. सुरुवात चिंबोरीच्या एका बिळातून झाली होती, दादांनी संध्याकाळी ते पाहिलं होतं आणि सकाळी बुजवू म्हणाले होते. मध्यरात्री हाका आल्या. कंदील, टॉर्च, गुडघाभर चिखल. बायका-पुरुष रांगेने उभे राहून ओल्या मातीची ढेकळं हातोहात पुढे देत होते, मध्ये पेंढ्याचे भारे दाबत होते. आम्हा मुलांना घरी राहायला सांगितलं होतं तरी मी त्या रांगेत होते. खांड काही त्या रात्री बांधली गेली नाही. उजाडल्यावर आमच्या भाताच्या खाचरात बोय मासे उड्या मारत होते, आणि आजी बांधावर बसून रडत होती. पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड भात आला नाही.

मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यालाही अशीच खांड पडते. पेशीवर फार ताण आला की पडद्यात एक मोठं छिद्र उघडतं. मग चक्राला जोर देणारा तो फरकच उरत नाही, पाणी आत शिरून पिशवी फुगते, फुटते, आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. ओएससीपी जिथे बसतं, तिथेच हे छिद्र उघडायला मदत करणारं सायक्लोफिलिन-डी नावाचं दुसरं प्रथिन येऊन बसतं. २००८ मध्येच असं दिसलं होतं की ज्या उंदरांत हे सायक्लोफिलिन-डी काढून टाकलंय, त्यांच्या मेंदूला अमायलॉइडचा त्रास कमी होतो. त्यामुळे या संशोधनाला मी हलकं मानत नाही. फार मोलाचं काम आहे हे.

मग कॅप्सूल का नको? कारण उंदरात आणि काचेच्या बशीत जे जमलं, ते माणसात जमेलच असं नाही, आणि या बाबतीत आपण आधी दोनदा तरी ठेचकाळलो आहोत. डायमेबॉन नावाचं एक औषध होतं, मूळ रशियातलं ॲलर्जीचं. ते मायटोकॉन्ड्रियांना सांभाळतं असं मानलं जात होतं. २००८ मध्ये रशियातल्या रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल इतके चांगले आले की जगभर आशा निर्माण झाली. २०१० मध्ये मोठी चाचणी झाली आणि त्यात हे औषध आणि साखरेची गोळी यांत फरक निघाला नाही. दुसरं, अशा कॅप्सूलमध्ये पुष्कळदा कोएन्झाइम क्यू हे मायटोकॉन्ड्रियाला लागणारं द्रव्य असतं, त्याचीच चाचणी अमेरिकेत झाली, निकाल २०१२ मध्ये आले. १६ आठवडे देऊनही मणक्यातल्या पाण्यात दिसणाऱ्या आजाराच्या खुणांत काही फरक पडला नाही. त्याच चाचणीत ज्या गटाला ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व आणि लिपोइक ॲसिड एकत्र दिलं, त्यांचे स्मरणशक्तीच्या तपासणीतले गुण उलट जास्त वेगाने घसरले. ‘जीवनसत्त्वंच आहेत, अपाय तर होणार नाही ना,’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येतं. त्याला माझं हे उत्तर.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जे-१४७ नावाचं एक रसायन तयार केलंय. त्याचं मूळ हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये आहे. म्हाताऱ्या आणि आजारी उंदरांची स्मरणशक्ती त्याने सुधारली. ते पेशीत नेमकं कुठे काम करतं हे २०१८ मध्ये कळलं : एटीपी सिंथेजवर. आणि ते त्या चक्राला जोराने फिरवत नाही, थोडा लगाम घालतं! त्या हलक्या लगामाने पेशीच्या बचावाच्या यंत्रणा जाग्या होतात. म्हणजे ‘शक्ती वाढवा, आजार पळवा’ हे व्हिडिओतलं साधं गणित मुळातच चुकतं. जे-१४७ माणसांतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही, आणि घरातली हळद म्हणजे जे-१४७ नव्हे. हळद आमटीत घाला, चमचाभर फाकायला लावू नका.

आता आईकडून येण्याचं. व्हिडिओवाल्याने अर्धी गोष्ट उचललीय. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो, हे खरं. पण त्यावर जेमतेम ३७ जनुकं आहेत आणि त्यांतून १३ प्रथिनं बनतात. एटीपी सिंथेजचे त्यातले दोनच तुकडे. ओएससीपीचं जनुक तिथे नाहीच, ते पेशीच्या केंद्रकात २१व्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे त्याची एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. (याच गुणसूत्रावर अमायलॉइडचंही जनुक आहे, म्हणूनच डाऊन सिंड्रोम असलेल्या, २१वं गुणसूत्र तिहेरी असलेल्या माणसांना अल्झायमर इतरांपेक्षा पुष्कळ लवकर गाठतो.) तुमच्या आईने तुम्हाला बिघडलेलं काही दिलं, हा विचार मनातून काढून टाका. आई-वडिलांपैकी एकाला अल्झायमर असेल तर मुलांचा धोका थोडा वाढतो. पण वाढलेला धोका म्हणजे भविष्य लिहून ठेवलंय असा अर्थ होत नाही.

तुमचं स्वतःचं : नाव आठवत नाही आणि तासाभराने भाजी चिरताना अचानक आठवतं, हे ४६ व्या वर्षी, आईला सांभाळून रात्रीची झोप मोडणाऱ्या बाईला होतंच. तरी रक्तातलं बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी जायच्या सुमारासही असं होतं. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकली, हिशोब जमेनासा झाला, किंवा तुम्ही विसरताय हे तुमच्याऐवजी घरच्यांच्याच लक्षात येऊ लागलं, तर मात्र थांबू नका.

आणि ते १८ हजार? भावाला म्हणा, पाठवच. त्यातून आईचे कान तपासा, मोतीबिंदू आहे का पाहा, तिचंही बी-१२ आणि थायरॉइड झालेलं नसेल तर करा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, आपल्या हातात असलेली १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगभरातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा ही त्यांतलीच. ज्यांना आजार झालाय त्यांनाही कानाचं यंत्र आणि चष्म्याचा उपयोग होतो, कारण न ऐकू आल्यामुळे न कळलेलं आपण ‘विसरली’ म्हणून मोजत असतो. उरलेल्या पैशात दुपारी दोन तास आईजवळ बसणारी एखादी बाई ठेवा आणि तेवढा वेळ झोपा.

प्रश्न : मी मुरूडचा. वडील ७८, अल्झायमरसाठी डोनेपेझिल चालू आहे, रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल आधीपासून. पंधरा दिवसांपूर्वी डोनेपेझिलचा डोस वाढवला. तेव्हापासून उठताना चक्कर येते, काल अंगणात पडले. घरच्या मशीनवर नाडी ४६-४८ दाखवते.

उत्तर : हे छापून तुमच्या हाती पडेपर्यंत वाट पाहायला नको म्हणून तुम्हाला फोन केलाच होता. इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी. डोनेपेझिलने हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि ॲटेनोलॉलसारखी गोळी सोबत असेल तर दोन्ही मिळून जास्तच. नाडी पन्नासच्या खाली आणि चक्कर किंवा पडणं, असं दिसलं तर त्याच दिवशी ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवायचं. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की सगळंच अवघड होऊन बसतं. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, टिकवून धरतं, त्याने काही काळ थोडा फायदा दिसतो, आजाराची मूळ चाल थांबत नाही. म्हणून डोस कमी करावा लागला तर ‘आता सगळं संपलं’ असं वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, रोह्याला. बायोलॉजीच्या सरांनी सांगितलं की एटीपी सिंथेज खरोखर गोल फिरतं. इतकी लहान गोष्ट फिरताना कुणी पाहिली आहे का?

उत्तर : शाब्बास, असंच विचारत जा! हो, पाहिली आहे. १९९७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी या प्रथिनाचं डोकं काचेवर पक्कं बसवलं, मधल्या दांड्याला ॲक्टिनचा एक लांब चमकणारा धागा चिकटवला आणि त्याला एटीपी दिला. सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गोल गोल फिरायला लागला. एटीपी खर्चून यंत्र उलट्या दिशेने चालतं, म्हणून हे जमलं. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना याच यंत्राच्या अभ्यासासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्यासोबत पेशीतल्या सोडियम-पोटॅशियमच्या पंपासाठी येन्स स्कू यांनाही. बॉयर यांनी यंत्र कसं चालत असेल ते तर्काने मांडलं होतं. वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गाईच्या हृदयातून काढलेल्या या प्रथिनाची रचना उलगडून दाखवली.

पण माझा आवडता माणूस पीटर मिचेल. प्रोटॉनच्या दाबावर एटीपी बनतो हे त्याने १९६१ मध्ये मांडलं, तेव्हा बहुतेकांनी मान डोलावली नाही. पुढे त्याने इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, एक जुना वाडा दुरुस्त करून तिथे मोजक्या माणसांची प्रयोगशाळा चालवली. १९७८ चं नोबेल त्याला मिळालं. मोठ्या शहरातच विज्ञान होतं असं तुला कुणी सांगितलं तर हे सांग. आणि हेच यंत्र तुझ्या घरच्या माडाच्या झावळीतही आहे, जिवाणूतही आहे. तुझ्या आजीच्या मेंदूत आणि अंगणातल्या अळूच्या पानात ते जवळपास एकाच घडणीचं आहे.

प्रश्न : आमच्या घरचं खोबरेल तेल आहे, घाण्याचं. रोज दोन चमचे दिल्याने अल्झायमर थांबतो का? — चौल

उत्तर : नाही. या कल्पनेच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे : अल्झायमरमध्ये मेंदूला साखर नीट वापरता येत नाही, पण कीटोन नावाचं दुसरं इंधन वापरायची त्याची ताकद बरीचशी टिकून असते. खोबरेलातून कीटोन मिळतील असा तर्क त्यावर लढवला गेला. पण खोबरेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं, त्यापासून कीटोन फारसे बनत नाहीत, आणि खोबरेलाने हा आजार थांबल्याचा भरवशाचा पुरावा नाही. जेवणात आहे तेवढं असू द्या. वरून चमच्याने पाजलंत तर कोलेस्टेरॉल मात्र वाढेल.

प्रश्न : सासूबाई ८० वर्षांच्या. दिवसभर ठीक असतात. दिवेलागणीला ‘मला माझ्या घरी ने’ म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहतात. हे त्यांचंच घर, साठ वर्षं इथेच आहेत. समजावून सांगितलं की चिडतात, रडतात, कधी हात उगारतात. मिस्टर ओरडतात आणि मग मला दोघांना आवरावं लागतं. काय करू? — नागाव

उत्तर : समजावणं सोडून द्या. एवढं एकच तुम्ही आजपासून केलंत तरी संध्याकाळ निम्मी हलकी होईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आईला नऊ वर्षं हा आजार होता. पहिली खूण मला आठवते ती भाकरीची. तांदळाच्या भाकरीला आधण आलं की त्यात पीठ घालून उकड काढायची, हे तिने पन्नास वर्षं केलेलं. एके सकाळी तिने गार पाण्यात पीठ कालवलं आणि ते थापायला बसली. भाकरी तुटत होती, ती पुन्हा गोळा करत होती, पुन्हा तुटत होती. मी दवाखान्यात जायच्या घाईत होते. ‘अगं आई, लक्ष कुठे आहे तुझं,’ असं मी तिला रागाने म्हणाले. मी डॉक्टर होते, आणि मला कळलं नाही. पुढे दीड वर्षाने कळलं. तिचे ते पिठाने माखलेले हात मला अजून दिसतात.

संध्याकाळी तीही घरी जायला निघायची. तिचं घर म्हणजे तिचं माहेर, जे केव्हाच पडलं होतं. ‘आई, हेच घर,’ असं मी महिनाभर रोज सांगितलं आणि रोज भांडण झालं. मग एक दिवस कंटाळून मी म्हटलं, ‘चल, नेते.’ चपला घातल्या, हात धरला, वाडीतून विहिरीपर्यंत गेलो, रहाटाच्या जुन्या चौथऱ्यावर बसलो. तिने माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, ‘अंधार पडला, चल घरी.’ आणि आम्ही घरी आलो. त्या दिवसापासून हाच आमचा नेम झाला. ‘घर’ या शब्दात ती जागा मागत नव्हती, तिला कशाची तरी भीती वाटत होती आणि ती जायला हवी होती. तुम्ही सासूबाईंना विचारा, ‘तुमच्या घरी कोण कोण होतं?’ बोलू द्या. खोट्याला खोटं म्हणायची गरज नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी. दिवस मावळायच्या आधीच घरातले दिवे लावा, अंधुक उजेडात कोपऱ्यातल्या सावल्यांना त्या घाबरतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. चार वाजल्यानंतर चहा नको. त्या वेळेला टीव्हीवरच्या बातम्या बंद. हे अचानक दोन-चार दिवसांतच वाढलं असेल तर लघवीची तपासणी करा, कारण जंतुसंसर्गानेही म्हातारी माणसं अशी भांबावतात. बद्धकोष्ठता आणि दुखणंही पाहा, ते त्यांना सांगता येत नाही.

आणि हातांना काम द्या. मेंदूत नवी गोष्ट साठवायचा भाग आधी जातो, हातांची सवय ज्या भागात असते तो पुष्कळ उशिरा. माझ्या आईला माझं नाव आठवत नव्हतं तेव्हाही बिरडं सोलता येत होतं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून परात तिच्यापुढे ठेवली की अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून ती अशी हलकी चिमटी घ्यायची की साल एकीकडे, दाळ दुसरीकडे, आणि दाळ अख्खी. मला अजून तसं येत नाही. संध्याकाळी पाच ते सात ती बिरडं सोलायची. शेजारणी आपले वाल आणून द्यायच्या, सोललेले घेऊन जायच्या आणि जाताना ‘काकू, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही’ म्हणायच्या. गजरे करणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, सासूबाईंना जे येत होतं ते काढा. चुकलं तर चुकू द्या, तुम्ही नंतर गुपचूप नीट करा.

तुमच्या मिस्टरांनी रोज संध्याकाळचा तो अर्धा तास घ्यावा, असं त्यांना माझं नाव घेऊन सांगा. आई त्यांची आहे. ओरडण्यामागे त्यांचीही भीतीच असणार, ते मला कळतं, तरी ओरडू नये. सासूबाई एकट्या बाहेर पडतील या काळजीने बाहेरून कडी लावू नका, आग लागली तर अनर्थ होईल. दाराला वरच्या बाजूला, नजरेत न येणारी कडी बसवा आणि घंटा बांधा. बांगडीवर किंवा पोलक्याच्या आतल्या बाजूला घरचा फोन नंबर लिहून ठेवा. गावातल्या रिक्षावाल्यांना, दुकानदाराला सांगून ठेवा. लाजू नका, निम्म्या गावाच्या घरात हे कुणाला ना कुणाला होऊन गेलंय.

ज्येष्ठांसाठी सरकारची एल्डरलाइन आहे, नंबर १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आणि तुम्हाला स्वतःला रडू आवरेनासं झालं तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. दोन्ही नंबर आज फ्रिजवर चिकटवा.